दोन चौकटी लाल, दोन काळ्या

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात, दुर्गा मंडपातल्या एलईडी भिंतीच्या मागे उकिडवा बसून मी एका सैल वायरीला चिकटपट्टी गुंडाळत होतो, तेव्हा समोर बायकांच्या पहिल्या रांगेत सेवकरामजींची डिंपल पडली.

सावकाश लिहितो.

आधी क्रम लावतो. मी ओमेशभाऊंच्या दुकानात कामाला आहे. साऊंड, लाइट आणि एलईडी भिंत भाड्याने देणं हा त्यांचा धंदा, आणि रिकाम्या वेळात झेरॉक्स. नवरात्रात भिंत मंडपात उभी असते. जस, म्हणजे देवीची गाणी, गाणारी मंडळी मध्ये चहाला थांबली की भिंत रिकामी राहते, म्हणून ओमेशभाऊ म्हणाले, "मोनू, तुझं ते रंगाचं काही तरी लावून दे तितका वेळ. पब्लिक उठून जाऊन राह्यलं."

माझं ते रंगाचं म्हणजे ‘ज्योत’. तीन मिनिटांचा प्रोग्रॅम. त्यात फोटो नाही, व्हिडिओ नाही, रेकॉर्ड केलेलं गाणं नाही. चालू केला की संगणक त्याच क्षणी गणित करत जातो आणि त्या गणितातून चित्रही निघतं आणि मांदराचा, म्हणजे जसाबरोबर वाजतो त्या ढोलाचा, ठेकाही. अट एकच, सगळं मिळून चार हजार शहाण्णव बाइटच्या आत बसलं पाहिजे. ही वहीची दीड पानं झाली. बाहेरच्या देशांत लोक याच्या स्पर्धा भरवतात, बक्षीस मिळो न मिळो. गोरेगावात हा छंद असलेला मी एकटा. बारावीत गणितात दोनदा गेलो. साइन कशाला शिकायचा हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. ज्योत डोलते ती साइनमुळे डोलते.

आज ती पहिल्यांदा लोकांसमोर लागली. लोक बघत होते. कोणी मोबाइल काढले. शेवटच्या वीस सेकंदांत मांदर जलद होतो आणि पूर्ण भिंत लाल-काळी होते. दोन चौकटी लाल, दोन काळ्या. सेकंदाला साठ चौकटी म्हणजे साठ चित्रं, त्यामुळे सेकंदाला पंधरा वेळा लाल. तिथेच ती पडली.

मी भिंतीच्या बाजूने डोकं काढलं. डिंपल ताठ झाली होती, मग हातपाय झटकू लागले, तोंडातून फेस. मला वाटलं लोक पाणी आणतील, गाडी काढतील. पहिला आवाज आला तो हा:

"देवी आली वं! डिंपलच्या अंगात देवी आली!"

जसवाल्यांनी चहाचे कप तिथेच टाकले आणि मांदर घेतला. बायकांनी तिच्या कपाळावर कुंकू फासलं, केस मोकळे सोडले, लिंबू कापलं. झटके थांबल्यावर ती डोळे उघडून नुसती बघत राहिली, कोणाला ओळखत नसल्यासारखी. सेवकरामजी, ज्यांचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र आहे, ज्यांना मी कधी कोणाला नमस्कार करताना पाहिलं नाही, त्यांनी आपल्याच मुलीच्या पायावर डोकं ठेवलं.

माझ्या हातात चिकटपट्टी तशीच होती.

२५ सप्टेंबर

झोप नाही. नेटवर वाचलं. काही माणसांच्या मेंदूला जलद झगमगाट सोसत नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको असं लिहिलं आहे. पंधरा सर्वांत वाईट म्हणतात, त्यातही गडद लाल. मी निवडूनच तेच घेतलं होतं, म्हणजे मला न कळता.

आणि हेही लिहून ठेवतो. बाहेरची मंडळी अशा प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सूचना टाकतात की यात झगमगाट आहे, ज्यांना त्रास होतो त्यांनी पाहू नये. मीही टाकली होती, शुद्ध मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. पण मराठी अक्षराला तीन बाइट लागतात. सूचनाच दोनशेवर जात होती आणि मांदराचा घुमारा बसेना. मी सूचना काढली. घुमारा छान आला.

सकाळी दुकान उघडताच ओमेशभाऊंना सांगितलं, "काल देवी नव्हती. माझ्या लाल-काळ्यानं तिला झटका आला."

"तुले कोणं सांगतलं?"

"नेटवर लिहून आहे."

"नेटवर तं हे बी लिहून आहे का कांद्याचा रस लावला का टकलावर केस येते. माह्याकडे पाय. आले का?" त्यांनी टोपी काढून दाखवली. "तोंड बंद ठेवजो मोनू. तू लायना पोट्टा आहेस, तुले समजत नाही का होऊन राह्यलं ते."

काय होऊन राहिलं आहे ते दुपारी समजलं. मंडळाचे अध्यक्ष दुर्गाप्रसादजी स्वतः दुकानात आले. धानाचे मोठे व्यापारी, पांढरे कपडे, दोन्ही हातांत फोन. स्टुलावर बसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला ते आजवर "ए वायरवाला" म्हणायचे.

"मोनू बेटा, वो लालवाला जो लगाया था ना, रोज लगाना. आमगाव से फोन आ रहे हैं, कि दर्शन कितने बजे है. ओमेश, किराया डबल लिख ले."

मी म्हणालो, "बाबूजी, ती आजारी पडली होती."

ते हसले. "बेटा, चालीस साल से मंडल चला रहा हूँ. किसको बीमारी आई और किसको माता आई, इतना तो समझता हूँ."

२६ सप्टेंबर

लाल-काळा भाग काढून टाकला. जुनी फाइल पुसली, दोन्ही प्रती. त्या जागी नुसती ज्योत मोठी होते.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. डिंपलला पहिल्या रांगेत पाट देऊन बसवलं होतं. तिच्यासमोर नारळांची रास. प्रोग्रॅम संपला, काही झालं नाही. लोक थोडा वेळ थांबले, मग कोणी तरी मागून ओरडलं, "काय रे, आज देवीचं नेटवर्क नाही का?" सगळे हसले. डिंपल पण हसली, लगेच तोंडावर ओढणी घेतली.

निघताना तिच्या आईला गाठलं. सुमित्राबाईंना मी मावशी म्हणतो, आमच्या आईच्या बचत गटात आहेत.

"मावशी, डिंपलले त्या उजेडाचा त्रास होत असन. तिले मागं बसवजा."

मावशींचा चेहरा एकदम बदलला. "काही त्रास नाही तिले. आमच्या पोरीले मिरगी-फिरगी काही नाही, समजलं? गावभर सांगत नोको फिरू."

घरी येईपर्यंत आठवून पाहिलं. मी मिरगी, म्हणजे फेफरं, हा शब्द काढलाच नव्हता. त्यांचा काही तरी गैरसमज झाला असावा.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी ओमेशभाऊ जेवायला गेले होते. डिंपल आली. शाळेत ती माझ्यामागे दोन वर्ग होती, त्यापलीकडे ओळख नाही. बारावीची गुणपत्रिका काउंटरवर ठेवली.

"मोनूभाऊ, दोन कॉप्या. अन आईले का सांगतलं तू?"

मी झेरॉक्सचं झाकण उघडून तसाच उभा. मग सगळं सांगून टाकलं. पंधरा वेळा लाल, काढून टाकलेली सूचना, घुमारा. वाटलं थप्पड बसेल. तिने पूर्ण ऐकलं.

"मंग मले देवी नाही, तुह्या मशीननं पाडलं."

"हव."

"मले माहीत आहे, देवी नाही ते. मले सातवीपासून मिरगी आहे." तिने रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज कमी केला. "गोरेगावात आम्हां तिघांलेच माहीत होतं. आता तुले."

गोळ्या होत्या, बामच्या डबीत ठेवायची. जुलैपासून बंद आहेत. सडक अर्जुनीचे पाहुणे येणं-जाणं करताहेत, मुलाचा हायवेवर ढाबा आहे, दसऱ्यानंतर सोयरीक पक्की करायची आहे. गोळी कोणाच्या नजरेस पडली तर मोडेल, म्हणून मावशींनी बंद केल्या. लग्न होऊ दे, मग पाहू.

मी म्हणालो की असं करू नये, वाचलं आहे मी, गोळ्या एकदम बंद केल्या तर जास्त धोका असतो.

"तू बुधवारी पायलं न?" ती म्हणाली. "बाबानं का केलं?"

"पायावर डोकं ठेवलं."

"दरवेळी चप्पल सुंगवते. घरात, दार लावून. डोळे उघडले का पयले चपलीचा वास येते मले. बुधवारी डोळे उघडले तं उदबत्तीचा वास. मले वाटलं मेली मी."

मशीनमधून कॉपी निघाली ती कोरी निघाली, कारण मी कागद उलटा ठेवला होता.

तिचं म्हणणं असं. बाबा तिचं ऐकत नाहीत, देवीचं ऐकतील. अष्टमीला गर्दी सर्वांत जास्त. अष्टमीला देवी येईल आणि बोलेल, की या पोरीचं तीन वर्षं लग्न नको, हिला गोंदियाला नर्सिंगला टाका. पण लोकांच्या डोक्यात बसलं आहे की भिंत लाल झाली की देवी येते. म्हणून भिंत लाल पाहिजे.

"ते मी लावणार नाही," मी म्हणालो. "जीव जाऊ शकते."

"मंग खोटं लाव."

हे मला सुचलं नव्हतं. लाल तोच ठेवायचा, थोडा भगव्याकडे. मांदर तसाच जलद. पण भिंत सेकंदाला फक्त दोनदाच उजळायची, तीही हळू चढत, हळू उतरत. लोक कानाने ऐकतात तेच डोळ्यांनी पाहिलं असं त्यांना वाटतं. मी तिला कागदावर दोन लाटा काढून दाखवल्या, एक करवतीसारखी, एक टेकडीसारखी. तिला लगेच समजलं. बारावीला गणितात तिला अठ्ठ्याहत्तर आहेत, कॉपी काढताना दिसलं.

"अन तुले खोटं पडता येईल?" मी विचारलं.

"सहा वर्षं पडून राह्यली." मग थांबली. "पण मी पडते कशी, ते मले कोठी माहीत? मी तं तवा नसतेच. तू पायलं. करून दाखव."

दुकानामागे रिकाम्या स्पीकरच्या पेट्या ठेवतो त्या जागेत मी करून दाखवलं. आधी नजर अडकते. मग मान डावीकडे वळते. मग ताठ, आणि मागे पडणं. मी पोत्यावर पडलो, हातपाय झटकले, तोंड वाकडं केलं. डिंपल पेटीला धरून हसत होती. "हे तं पल्याडच्या गल्लीतला दारुड्या दिसते!" मीही हसलो. मग ती म्हणाली पुन्हा कर, आणि दुसऱ्या वेळी हसली नाही.

"तोंड खरंच असं होते?"

"थोडंसं."

"अन सलवार? ती वर जाते?"

"बायकांनी लगेच झाकलं होतं," मी म्हणालो. ते खरं नव्हतं.

ती पेटीवर बसली. उठताना म्हणाली, "अष्टमी झाली का आईच्या मागं लागून गोळ्या चालू करते, तुह्यी शपथ." कॉप्या न घेताच गेली. आईला सांगून पाठवून द्याव्या लागतील.

२८ सप्टेंबर

दिवसभर नवा भाग. आकार चार हजार नव्वद. सहा बाइट हाती राहिले, म्हणून भगवा अर्ध्या टक्क्याने वाढवला. तिने काल त्याच रंगाची ओढणी घेतली होती, तिला उठून दिसेल.

आई म्हणाली, "काऊन रे, एकटाच हासून राह्यला?" मी म्हणालो, प्रोग्रॅम बसला.

२९ सप्टेंबर

नवीन लावून पाहिला. डोळ्यांसमोर स्टॉपवॉच धरून मोजलं, दोनच उजेड सेकंदाला. दुकानात टीव्हीवर वीस वेळा पाहिला. सुरक्षित आहे.

ओमेशभाऊंना आवडला नाही. "हे का लावलं बे? दुधात पाणी टाकल्यावानी दिसून राह्यलं. पयल्या दिवसाचं कोठी आहे?"

"पुसलं."

मला वाटलं चिडतील, उद्याची गर्दी, डबल भाडं. पण ते "पुसलं का? बरं, बरं" म्हणाले आणि मोबाइल बघत बसले. नवल वाटलं.

३० सप्टेंबर, अष्टमी

झालं! आणि काय झालं!

मला समोरून बघता आलं नाही याचं वाईट वाटतं. प्रोग्रॅमच्या अगदी आधी ओमेशभाऊंनी जनरेटरवर पाठवलं, म्हणाले आज लोड जास्त आहे, तिथून हलायचं नाही, भिंत मी पाहतो. जनरेटर मंडपाच्या मागे लिंबाखाली असतो. तिथून भिंतीची एक कड आणि पहिल्या रांगेतली एकदोन माणसं दिसतात, आज त्यात डिंपल होती. मांदर सुरू झाला. आवाज जरा फुटका येत होता, लोकांचा कलकलाट मिसळल्यासारखा. जनरेटरच्या घरघरीमुळे तसं वाटलं असेल. कडेवरचा लालही जास्त तिखट वाटला, पण अंधारातून बघताना तसं होतं.

आणि डिंपल! मी दाखवलं त्याच्या कितीतरी पुढे गेली. नजर अडकली, मान डावीकडे. मग एक ओरडणं, जनावराचं असतं तसं, लांब. मी तिला ओरडून दाखवलं नव्हतं, ते तिने स्वतः घातलं. पडली ती एकदम सरळ, कुठेही हात न टेकता. ओठ निळे दिसत होते, बायका तिला झाकत होत्या तेव्हा सलवार ओली झालेली होती. एवढं करण्याची काय गरज होती? पण खऱ्यासारखं दिसायला केलं असेल. तिच्यासारखी हिंमत माझ्यात नाही.

एकच गोष्ट राहिली. देवी बोलली नाही. मी कान देऊन उभा होतो. थोड्या वेळाने तिने पुन्हा झटके दाखवले, मग पुन्हा, पण शब्द एक नाही. बहुतेक गर्दीने घाबरली. किंवा उद्या नवमीला बोलायचं ठरवलं असेल. मंडळाने तिला घरी नेऊ दिलं नाही. देवी उतरली नाही, उतरेपर्यंत इथेच, असं दुर्गाप्रसादजी माइकवरून म्हणाले. मी निघालो तेव्हा ती देवीच्या पायाशी सतरंजीवर हार घालून पडलेली होती. इतका वेळ डोळे मिटून पडून राहणं सोपं नाही.

१ ऑक्टोबर

लिहिता येत नाही. तरी लिहितो.

सकाळी दुकानात गेलो. ओमेशभाऊ खुशीत होते, जिलेबी आणली होती.

"पायलं न मोनू? तुह्यं पानचट चाललं असतं का काल? मी पयल्या दिवशी शूट करून ठेवलं होतं. तेच पेनड्राइव्हवर टाकून देल्लं लावून." आणि फोन माझ्यासमोर धरला.

त्यात माझी पहिली ज्योत होती. लोकांच्या डोक्यांवरून घेतलेली, कलकलाटासकट. मोबाइल सेकंदाला तीस चित्रं टिपतो. एक लाल, एक काळं, एक लाल, एक काळं. पंधरा.

फुटका आवाज. तिखट लाल. ते ओरडणं, जे मी शिकवलं नव्हतं.

खुंटे ठोकायचा हातोडा काउंटरखाली असतो. मी ओमेशभाऊंच्या हातून फोन घेतला, फरशीवर ठेवला आणि फोडला. मी आयुष्यात दुसऱ्याची वस्तू कधी फोडली नाही. ते ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं. पळत मंडपात गेलो. पेनड्राइव्ह भिंतीच्या कंट्रोलरला तसाच लावलेला होता, तो काढून दाताखाली मोडला. हे कशासाठी, माहीत नाही.

ती रात्री होती तिथेच होती. अंगावर हारांचा ढीग, एक बाई पंखा घालत होती, दर्शनाला रांग होती. मांदर वाजत होता. बाईने सांगितलं की पहाटेपर्यंत माता पाच वेळा आली, आता जरा निजली. डिंपलच्या तोंडाच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं. हाक मारली, डोळा हलला नाही. मी रात्री घरी जाऊन पोळी-भाजी खाल्ली होती. मी लिहिलं होतं, काय झालं!

मी ओरडलो की ही मिरगी आहे, गाडी काढा. कोणीतरी मागून कानफटात मारली. "माताले मिरगी म्हणते!" दोघांनी धरलं. मी सेवकरामजींना म्हणालो, काका, तुम्हाला माहीत आहे, सांगा. ते हात जोडून बसले होते. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. तेव्हा मला समजलं की त्यांना खरंच देवी हवी होती. सहा वर्षं चप्पल सुंगवल्यावर त्यांना ती देवीच असायला हवी होती.

दुर्गाप्रसादजी म्हणाले, "इसको बाहर करो."

आणि सुमित्रामावशी उठल्या. पहिल्या रांगेतच होत्या, डोक्यावर पदर, रात्रभर बसलेल्या. त्यांनी आधी मांदरवाल्याच्या मांदरावर दोन्ही हात ठेवले, म्हणजे तो वाजवूच शकला नाही. मग वळल्या.

"मिरगी आहे माह्या पोरीले. सातवीत होती तवापासून आहे. गोळ्या मीच बंद केल्या, सोयरिकीसाठी. आयका सगळे. सडक अर्जुनीवाले कोणी असन तं तेनं बी आयका. मिरगी आहे. आता गाडी काढता का मी पाठीवर नेऊ?"

गाडी कोणी काढली नाही. रांगही मोडली नाही. शेवटी दुकानाचा टेम्पो, ज्यात स्पीकर नेतो, त्याची किल्ली माझ्या खिशात होती. मावशींनी आणि मी उचललं. हार काढायला पण थांबलो नाही. सेवकरामजी टेम्पो चालू झाल्यावर पळत आले आणि मागे चढले.

गोंदियाच्या वाटेवर तिला आणखी एक झटका आला. मागच्या काचेतून बघितलं. सेवकरामजींचा हात सवयीने पायातल्या चपलेकडे गेला. मावशींनी तो तसाच धरून ठेवला, गोंदिया येईपर्यंत.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा दवाखान्याच्या व्हरांड्यात गेला. तिने काल संध्याकाळी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही, पण विसरणं, जड बोलणं काही दिवस राहील, आणि गोळी आता एक दिवसही चुकवायची नाही. तिला आणायला एवढा वेळ का लावला, असं त्यांनी विचारलं.

सडक अर्जुनीहून निरोप आला. सोयरीक मोडली. मावशींनी ऐकून घेतलं आणि तिचे केस विंचरायला बसल्या.

सेवकरामजी व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तुले शनिवारीच सगळं माहीत होतं. मले काऊन नाही सांगतलं?"

मी म्हणालो, तिची शपथ होती. हे खोटं होतं. कोणाला सांगू नको अशी शपथ तिने घातली नव्हती. आमचं ठरलेलं छान वाटत होतं मला, हे मी त्यांना कसं सांगू?

मावशी चहाला गेल्या तेव्हा आत गेलो. जीभ चावली गेली आहे, बोलणं बोबडं येतं. मला ओळखायला वेळ लागला. मग म्हणाली, "मोनूभाऊ. देवी बोलली का?"

"नाही."

तिने डोळे मिटले. मी सांगितलं, "आई बोलली."

सगळं सांगितलं. मांदरावर हात ठेवले ते, कोणापुढे म्हणाल्या ते, शब्द न बदलता. लाल कोणी लावलं तेही सांगितलं, आणि मी जनरेटरपाशी उभा राहून काय समजत होतो तेही. ती छताकडे बघत राहिली. शेवटी विचारलं, "जोरानं बोलली का आई?"

"पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं."

"मले ऐकाले पाह्यजे होतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. रडत होती की झोपली ते मला समजलं नाही. मी खुर्ची आवाज न करता मागे घेतली.

आईने सांगितलं आहे, खर्च लिहून ठेव, नाही तर गटात उत्तर देता येणार नाही.

झालेला खर्च
टेम्पोचं डिझेल: ६००
दवाखान्यात आगाऊ भरले: ५,०००
बाहेरून आणलेली औषधं: २,१४०
चहा, बिस्किटं, एसटीचं भाडं: ३१०
एकूण: ८,०५०

पैसे कुठून आले
माझी शिल्लक: ४,५५०
आईने बचत गटातून उचलले: ४,०००
हातात उरले: ५००

देणं
आईला, म्हणजे गटाला: ४,०००
ओमेशभाऊंना, फोनचे: १३,५००. पगारातून कापता येणार नाहीत, कारण कामावरून काढलं आहे.
सेवकरामजींना, दवाखान्याचं निम्मं बिल: त्यांनी मागितलेलं नाही. बिल अजून व्हायचं आहे. आकड्यासाठी जागा सोडली आहे.